बनुबाईच्या हातची आंघोळ

उमरठ गावाच्या वर दीड तास चढून गेलं की धनगरांची चौदा घरांची वाडी लागायची. १९९८ साली मी तिथली नर्स होते आणि त्या चढाला मनापासून शिव्या घालायचे. वाडीत तान्ह्या बाळाला आंघोळ घालावी ती बनुबाईनंच. सत्तरीची बाई, स्वतःला मूलबाळ नाही. पाय पसरून बसायची, बाळाला पायांवर पालथं घ्यायची आणि खोबरेल चोळायची. निम्मी वाडी आपल्या पायांवर वाढली, हे ती येता-जाता ऐकवायचीसुद्धा. बढाईखोर म्हणा हवं तर, मला ती आवडायची.

त्या हिवाळ्यात वाडीतली चारही तान्ही बाळं रात्रभर रडू लागली. तळहातांवर, तळपायांवर बारीक फोड. मोठी माणसंही खाजवत होती, पण विचारलं की उत्तर एकच, "उष्णता हाय." वाडीतला भागोजी तर माझ्यावर खेकसला, "आमच्या घरात असला घाण रोग नाय!" खरूज झाली असं कबूल केलं की घर अस्वच्छ ठरणार, मग बोलणार कोण?

पोलादपूरच्या डॉक्टरांकडून मी मोठ्यांसाठी पांढरं औषध आणि बाळांसाठी गंधकाचं मलम आणलं. घरोघर समजावलं, की कातडीत एक बारीक किडा बीळ करून अंडी घालतो आणि अंगाला अंग लागून पसरतो. खाज असो वा नसो, सगळ्यांनी एकाच दिवशी मानेपासून पायाच्या बोटांपर्यंत औषध लावायला हवं. सगळ्यांनी माना डोलावल्या. पंधरा दिवसांनी गेले तर मलम बाळांना लावलेलं, आणि मोठ्यांच्या बाटल्या फळीवर जशाच्या तशा. बाळांना खरूज पुन्हा झाली होती. माझं डोकंच फिरलं.

तशीच तणतणत बनुबाईकडे गेले. ती एका बाळाला तेल चोळत होती. तिच्या बोटांच्या बेचक्यांत मला नागमोडी रेषा दिसल्या.

"आजी, ही खरूज आहे."

"छे गो, राखेनं हात फुटलेत." मग तिचा हात थांबला. "चारी पोरांना मीच न्हाऊ घालते. म्हंजे माझ्या हातानं गेली का?"

खोटं बोलावंसं वाटलं. पण "गेली असेल," म्हणाले.

तिनं बाळ आईकडे दिलं आणि उठली. त्याच दुपारी ती चौदाही दारांत उभी राहिली. मी मागे होते. "खरूज माझ्या हातांना हाय," ती प्रत्येक दारात सांगत होती. "पोरांना माझ्याकडनं लागली. लाजायचा ता मी लाजले, तुमी आता औषध लावा."

लावलं सगळ्यांनी, आणि आठ दिवसांनी पुन्हा लावलं. कपडे उकळले. घोंगड्या उकळल्या तर आटतात, म्हणून किडे उपाशी मरेपर्यंत त्या आठवडाभर गोणींत बांधून ठेवल्या. किडे मेल्यावरही खाज दोन-तीन आठवडे राहते, तेवढी राहिली आणि गेली.

बनुबाईला मात्र कुणी बोलावेना. बाळांच्या आया ओबडधोबड का होईना, आपल्याच हातांनी न्हाऊ घालू लागल्या. तिचे हात स्वच्छ झालेत, हे मी दारोदार सांगितलं. लोक हो हो म्हणायचे. खरं बोलणाऱ्या बाईलाच शिक्षा, याचा मला भयंकर राग यायचा. ती दिवसभर शेळ्यांपाशी बसून असायची.

फाल्गुनात भागोजीची सून मीना बाळंत झाली, मुलगी झाली. दोघींना तपासून मी बनुबाईकडे बसले होते, तेव्हा भागोजी स्वतः तिच्या दारात आला.

"काकी, पोरीला न्हाऊ घालायला चल."

"माझी खरूज इसरलास?"

"इसरलो नाय," भागोजी म्हणाला. "म्हणून तर आलोय. तुझ्या हाताला काय झाला तर तू सांगशील. दुसरा कोण सांगल?"

बनुबाईनं पदरानं डोळे पुसले आणि पाणी तापवायला सांगत त्याच्या पुढे चालू लागली.