आधी रेघ

बातमी आली तेव्हा मी प्रमाणपत्रांवर मुलांची नावं लिहीत बसलो होतो. शिबिर सुरू व्हायला तीन आठवडे अवकाश होता आणि मी ते पूर्ण केल्याची प्रमाणपत्रं लिहीत होतो. माझा स्वभावच तसा. शेवटचं काम आधी उरकून टाकायचं आणि मधल्या कामांसाठी दुसऱ्यांच्या मागे लागायचं. हिलालभाऊंच्या खात्यातला एक कामगार बमरोलीहून सायकलवर आला, दारातच उभा राहिला आणि म्हणाला, "सर, हिलालभाऊ ग्यात." आखाजीचा सण जवळ आला होता, रोज कोणी ना कोणी खानदेशाकडे जात होतं. दवाखान्यातून सुटून तेही गावी गेले असतील असं वाटून मी मान वर न करताच विचारलं, "कोणत्या गाडीनं?" तो दारातच खाली बसला. मग मी वर पाहिलं... हातातल्या प्रमाणपत्रावर नाव होतं हेतलचं, त्यांच्या मुलीचं.

त्या गोष्टीला आता सात आठवडे झाले. पुरवणीसाठी काहीतरी लिहा, सुरतेतल्या आपल्या माणसांबद्दल लिहा, असं संपादकांनी कळवलं तेव्हा मी आधी नाही म्हणालो. हिलालभाऊंनी लिहिण्यासारखं काय केलं? पांडेसऱ्यातल्या एका प्रिंटिंग मिलमध्ये अठरा वर्षं रंगाच्या बादल्या उचलल्या, लांबलचक टेबलांवर साड्या छापल्या, एका खोलीत संसार केला. साक्रीकडच्या गावी म्हातारी आई. शिक्षण चौथीपर्यंत. एवढंच. पण त्यांच्याबद्दल माझ्याखेरीज कोणी लिहिणार नाही, आणि मी त्यांचं काही देणं लागत नाही असंही मला म्हणता येत नाही.

आमची ओळख उधन्याच्या पोस्टात झाली. तिथल्या उतरत्या टेबलाशी एक किडकिडीत माणूस वाकून पोस्टकार्डावर काहीतरी करत होता. दोन्ही हात कोपरापर्यंत हिरवे. जवळ जाऊन बघतो तर हा गृहस्थ खिशातल्या कंगव्याच्या पाठीनं कार्डावर रेघा ओढतोय. आडव्या, सारख्या अंतरावर, एकाखाली एक. सगळ्या रेघा झाल्यावर त्यानं त्यांना अक्षरं लटकवायला सुरुवात केली. आम्ही मास्तर लोक मुलांना अक्षर आधी आणि शिरोरेघ नंतर शिकवतो. माझ्याच्यानं राहवलं नाही. "अहो, तुम्ही उलटं लिहिताय," मी म्हणालो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, हसले आणि म्हणाले, "पहिले दोरी बांधनी पडस ना, सर. मंग कपडा टाकाना." मी सर आहे हे त्यांना कसं कळलं, असं मी पुढे एकदा विचारलं. म्हणाले, दुसऱ्याच्या कार्डात डोकावून चूक काढणारा आणखी कोण असणार...

शिबिराची कल्पना त्यांची. माझी म्हणून मी सगळीकडे सांगितली, पण त्यांची. प्लेगच्या साली आमची अर्धी वस्ती रातोरात गावी पळाली, तसे हेही कुटुंबासह गेले होते. महिनाभर राहिले. तिथे एसटीवरची पाटी हेतलला वाचता येईना. चुलत भावंडं हसली. हेतल गुजराती शाळेत, इथं जगायचं तर गुजराती पाहिजे म्हणून यांनीच घातलेली. घरात सगळे अहिराणी बोलत, रस्त्यावर हिंदी, आणि मराठी म्हणजे कॅलेंडरवर दिसते तेवढी. ती आजीला पत्रं लिहायची ती अहिराणीत, पण गुजराती अक्षरांत. "आंडेर मन्ही गुजरातीमा लिखस," ते मला म्हणाले, "अन् माय मन्ही गावमा वाचनारा धुंडत फिरस." आंडेर म्हणजे मुलगी. गावात गुजराती वाचणारे होते तसे पुष्कळ, पण ते सगळे सुरतेत. आजीला तर नातीचं नावही धड घेता येत नसे. हेतल कसलं नाव म्हणून ती तिला शीतल म्हणायची, आणि शीतल या नावानं हाक मारल्याशिवाय पोरगी गावी ओ देत नसे. हिलालभाऊंची मागणी अगदी साधी होती. हेतलच्या हातचं एक कार्ड आजीच्या गावात कोणालाही वाचता यावं. त्यासाठी दहा दिवस पुरतील का, सर? मी म्हणालो, पुरतील की. मग एकटी हेतलच कशाला, अशा मुलांनी वस्ती भरली आहे. आणि बघता बघता मी अध्यक्ष झालो.

या वर्षी शिबिर ठरलं आखाजीहून लोक परतल्यावर, दहा दिवसांचं. शेवटचे आठवडे कसे जातात ते असली कामं करणाऱ्यांना माहीत आहे. समाजाच्या हॉलची किल्ली एकाकडे आणि परवानगी दुसऱ्याकडे. सतरंज्या मिळाल्या तर पाण्याचे माठ नाहीत. मी गाणी निवडली, वेळापत्रक केलं, ते तीनदा फाडलं, ज्याला त्याला टाकून बोललो. हिलालभाऊ मात्र रात्रपाळी संपवून सकाळी थेट हॉलवर येत. हॉलला रंग दिला त्यांनी, फळा काळा केला त्यांनी. बाराखडीचे छापील तक्ते सुरतेत मिळेनात तेव्हा ते म्हणाले, मी कापडावर छापून आणतो. शेठनं डाग पडलेलं कापड दिलं. मी सुवाच्य अक्षरात मुळाक्षरं लिहून दिली. त्यांनी ती मिलच्या ट्रेसिंगवाल्याकडून छपाईच्या फ्रेमवर चढवून घेतली आणि आठवड्याभरात चाळीस तक्ते गाठोड्यात बांधून आणले. गाठोडं सोडताना त्यांचा चेहरा असा होता की जणू मुलीच्या लग्नाचा बस्ता दाखवतायत.

मी पहिला तक्ता उलगडला आणि माझं डोकं फिरलं. एकाही अक्षराला शिरोरेघ नव्हती. ग, म, न, प, त... सगळी उघड्या डोक्यानं उभी. "हे काय आणलंत? हे तर गुजराती झालं," मी म्हणालो. "हे चालणार नाही." इतरांसमोर म्हणालो. हिलालभाऊ तक्त्याकडे बघत राहिले. दुसऱ्या दिवशी ट्रेसिंगवाल्याला विचारून आले. तो बिचारा म्हणाला होता, "मने एम के आ तो नोटनी लाइन छे." त्याला वाटलं होतं, या वहीच्याच रेघा. आणि त्याचं काय चुकलं? मी मुळाक्षरं आखीव कागदावर लिहून दिली होती, वहीच्या रेघेलाच शिरोरेघ करून. ही माझी सवय आहे, वेळ वाचतो. त्यानं कागदावरच्या सगळ्या रेघा नेमानं साफ केल्या होत्या. हे मला त्याच क्षणी कळलं, आणि मी ते कोणाला सांगितलं नाही. आज इथे पहिल्यांदा लिहितोय. हिलालभाऊ मात्र म्हणाले, "रेघ मी मारसू, सर. तुम्ही कायजी करू नका."

आणि ते रेघा मारायला लागले. मिलमधली एक लाकडी पट्टी आणि डबाभर काळा रंग घेऊन ते रोज सकाळी हॉलच्या फरशीवर बसत. जेवणाचा डबा तसाच घरी परत नेत. म्हणत, उन्हाळ्यानं भूक मेली आहे. एका सकाळी ते माझ्याकडे वळले तेव्हा मला त्यांचे डोळे पिवळे दिसले. हातही पिवळट. त्यांच्या खात्यातल्या माणसांच्या अंगावरून त्या आठवड्यात कोणता रंग चालू आहे ते कळतं, हे आम्हाला सगळ्यांनाच माहीत. मी म्हणालो, "काय हिलालभाऊ, या आठवड्यात हळदी रंगाची ऑर्डर दिसतेय?" ते म्हणाले, "हा ना सर, धोयाले बसं तरी जास नही." आम्ही दोघंही हसलो. डोळ्यांच्या आत रंग कसा जाईल, एवढा विचार बी. एड. झालेल्या माणसाच्या डोक्यात आला नाही. आणखी पाच दिवस ते रेघा मारत होते. या पाच दिवसांचं मी काय करू ते मला कळत नाही.

कावीळ. वस्तीतल्या कोणीतरी ती मंत्रानं उतरवून दिली, दोन दिवस त्यात गेले, मग सरकारी दवाखाना. मी तिसऱ्या दिवशी भेटायला गेलो. हाताला सलाईन, चेहरा वाळलेला. मी जाताना हॉलच्या परवानगीचा कागद दाखवायला नेला होता, म्हणजे मी कशासाठी गेलो होतो ते उघड आहे. त्यांनी तो नीट पाहिला. म्हणाले, अकरा तक्ते राहिलेत, बरा झालो की करतो. मी म्हणालो, घाई नाही. घाई होती, आणि त्यांना ती माझ्या तोंडावर दिसली असणार. उशाशी वहिनी, हेतलची आई, बसल्या होत्या. त्या काहीतरी बोलायला लागल्या आणि हिलालभाऊंनी त्यांना डोळ्यानंच गप्प केलं. मी विचारलंही नाही. घड्याळ बघितलं आणि निघालो. आमची दवाखान्यातली तेवढीच भेट, आणि तीच शेवटची.

वहिनी काय बोलणार होत्या ते मला तिसऱ्या दिवशी कळलं, म्हणजे ते गेल्यानंतरच्या तिसऱ्या. तार मिळून आजी आणि हिलालभाऊंचा भाऊ आले होते. खोलीत बायका दाटीवाटीनं बसल्या होत्या, आम्ही पुरुष दारात. आजी रडत नव्हती. ती पुन्हा पुन्हा एकच विचारत होती की, एवढा आजारी होता तर कोणी कळवलं का नाही. वहिनी म्हणाल्या, "कार्ड टाकं व्हतं ना, माय." दवाखान्यात नेलं त्याच दिवशी हिलालभाऊ म्हणाले होते, मायले बलावा. वहिनी म्हणाल्या, सरांना लिहायला सांगू. तर ते म्हणाले, "सर शिबिरनी घाईमा शेत, त्यास्ले तरास नको. हेतलले लिखता येस. माय वाचनारा धुंडी लेई." घरात पत्ता लिहून ठेवलेली कार्डं असायचीच, हिलालभाऊंच्या हातची, आधी रेघ मारून लिहिलेल्या पत्त्याची. हेतलनं त्यातलं एक घेतलं, लिहिलं आणि शाळेजवळच्या पेटीत टाकलं. मग ते रोज विचारत होते, माय उनी का? सहा दिवस विचारत होते...

आजीनं पिशवीतून ते कार्ड काढलं. दारातल्या माणसांतून तिनं मलाच नेमकं हेरलं, मी चष्मेवाला म्हणून असेल. "सर, हाई काय लिखेल शे? गावमा कोनलेच वाचता उनं नही. पोस्टमन म्हने सुरतनं शे. खुशालीनं व्हई, आसं वाटनं माले. देवजोडे ठेल व्हतं." देवाजवळ ठेवल्यानं कार्डाला हळदीकुंकू लागलेलं होतं. पत्त्याची बाजू मराठीत, रेघेला लटकलेली ती ओळखीची अक्षरं. त्या बाजूच्या जोरावर कार्ड वेळेवर, घरापर्यंत पोचलं होतं. मागे हेतलचं गुजराती, घाईघाईनं लिहिलेलं. वीस वर्षं सुरतेत काढल्यावर मला गुजराती वाचता येतं. लिहिलं होतं, "आजी, पप्पा आजारी शेत. डोया पिवया व्हई ग्यात. तुले बलावतस. बेगी ये."

सगळी खोली माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, "खुशालीचंच आहे, आजी. हेतल लिहिते, परीक्षा चांगली गेली." आजीनं मान हलवली आणि कार्ड परत पिशवीत ठेवलं. हेतल पाण्याचा तांब्या घेऊन समोरच उभी होती. ती बारा वर्षांची आहे. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि तांब्या आजीसमोर ठेवला. आयुष्यभर मी मुलांना वाचायला शिकवत आलो. मला स्वतःला जेव्हा मोठ्यानं वाचायचं होतं तेव्हा मी हे वाचलं.

शिबिर झालं नाही. लोक विचारतात तेव्हा मी सांगतो की, हॉल लग्नाला दिला गेला. ते खोटं नाही, पण मीच किल्ली परत केली होती. शिबिर घेऊन मी त्या मुलांना काय सांगणार होतो? दहा दिवसांत लिहिता येईल? ज्या एका कार्डासाठी हा सगळा खटाटोप होता ते माझ्या डोळ्यांदेखत लिहून व्हायला हवं होतं, माझ्या हातानं दोन मिनिटांत झालं असतं, आणि त्या वेळी मी सतरंज्या मोजत होतो. पुढच्या वर्षी घ्या म्हणतात. पुढच्या वर्षी घ्यावंसं मला वाटत नाही. खरं सांगायचं तर काहीच करावंसं वाटत नाही. चाळीस तक्ते माझ्या कपाटात आहेत, एकोणतीस रेघेचे आणि अकरा उघडे. वहिनी मुलीला घेऊन गावी गेल्या, कायमच्या.

गेल्या आठवड्यात मला एक कार्ड आलं. पत्ता कोणाकडून तरी लिहून घेतलेला. मागे पेन्सिलीच्या रेघा आहेत, पट्टी धरून ओढलेल्या, आडव्या, सारख्या अंतरावर, एकाखाली एक. रेघांखाली हेतलचं अक्षर आहे, गुजरातीच, कुठे रेघेला चिकटलेलं, कुठे खाली पडलेलं. दोनच ओळी. "सर, ते कार्ड मी आजीले वाची दाखाडं. शिबिर कवय शे?" कवय म्हणजे कधी.

उत्तर लिहायला मी त्याच दिवशी कोरं कार्ड घेतलं. का कोण जाणे, पट्टी घेऊन आधी रेघ मारली. आज पाचवा दिवस. कार्ड टेबलावर आहे, रेघेखाली अजून काही लिहिलेलं नाही.