सावलीच्या बोळातल्या खाला

आमच्या दोन घरांमधल्या बोळात दुपारी जेमतेम अर्धा तास ऊन यायचं. तेवढा वेळ शेजारच्या रजियाखाला शिलाई मशीन थांबवून बोळात येऊन बसायच्या आणि ऊन सरकेल तशा कुंड्या वीतभर मागं सावलीत ओढायच्या. कुंड्यांत रंगीत अळू होता. लाल शिरांची, पांढऱ्या ठिपक्यांची पानं. फूल असं नाहीच. "फुलं बघायला सगळेच येतात. पानाकडं मी बघते," त्या म्हणायच्या.

लग्न होऊन अहमदपूरला आले तेव्हा मी कुणाशी बोलत नव्हते. एकदा सासूबाईंनी मला विचारायला पाठवलं, ह्या पानांच्या वड्या होतील का. मी नुसतीच कुंड्यांजवळ उभी राहिले. खालांनी ओळखलं. म्हणाल्या, "तू खाऊ नको, घसा धरतो. सासूला घालायचं तर तुझी मर्जी."

पहिला कंद त्यांच्या यजमानांनी हैदराबादहून रुमालात बांधून आणला होता. यजमान गेले, कंदाच्या अकरा कुंड्या झाल्या.

एका दिवाळीनंतर खाला डोळ्याच्या ऑपरेशनला लेकीकडं नांदेडला निघाल्या. कुंड्या माझ्या हवाली केल्या. "पानं गळाया लागली की पाणी सोडून दे," एवढंच म्हणाल्या. मी शेतकऱ्याची लेक. आमच्याकडं पाणी सोडायचं म्हणजे पिकाला पोटभर द्यायचं. पानं पिवळी पडून गळू लागली तशी मी रोज बादलीभर ओतू लागले. मातीला आंबूस वास यायला लागला. फोन करून विचारावं वाटलं. दोनदा नंबर लावला आणि बंद केला. लेकीनं उचलला तर काय बोलायचं?

दोन महिन्यांनी खाला काळा चष्मा लावून परत आल्या. आधी बोळात गेल्या, कुंडीत बोट घातलं. कंद चिखलासारखा हाताला लागला. अकरांतले दोनच घट्ट निघाले. किती पाणी घातलंस, त्यांनी विचारलं. मी सांगितलं, तुम्हीच म्हणालात सोडून दे. त्यांनी कपाळाला हात लावला. त्यांच्या मनात होतं 'छोड दे', म्हणजे पाणी बंद कर. थंडीत हे कंद निजतात.

"जबान माझी घसरली. पण वास येऊन राहिला तवा विचारलं का न्हाई गं?"

"लाज वाटली."

ओढणीच्या टोकानं त्या दोन कंद पुसत राहिल्या. "सोतापायी लाज धर. ह्यांना तोंड न्हाई, ह्यांच्यापायी तरी बोलावं."

यंदा लेक-जावई त्यांना कायमचं न्यायला आले. दोनाच्या पाच झालेल्या कुंड्या त्यांनी मला दिल्या. जीप दाराशी उभी होती. खाला आत बसल्या, तशी सगळ्या गल्लीदेखत मी जीपची खिडकी धरून विचारत सुटले. कंद कधी उठवायचे, वर माती किती, शेणखत चालतं का. जावयानं हॉर्न वाजवला. खालांनी त्याला गाडी बंद करायला लावली आणि एकेक नीट सांगितलं. मग म्हणाल्या, "अजून विचार."

एकच उरलं होतं. परत कधी येणार, ते विचारलं.

"ते मला ठाऊक न्हाई, बेटी."