आधी जुनं संपव

फणस उतरवला, ते आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम. मी झाडावर, ती खाली. कोवळा फणस, आमच्याकडे त्याला कुयरी म्हणतात. मी कोयत्याने देठ तोडायचा, दोराने खाली सोडायचा, आणि तिने तो दोन्ही हातांत झेलायचा. चीक उडाला तिच्या चोळीवर. ती ओरडली, "अवो, सोडताव का टाकताव? डोका फोडाचा हाय काय माजा?" आणि हसली. मी पण हसलो असेन. आठवत नाही. तिचं हसू आठवतं.

त्यानंतर आम्ही मिळून काही केलं नाही. पुढचं सगळं मी एकट्याने केलं.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. मुलीला नाही, भावाला नाही. देवळात हात जोडले तेव्हा देवालासुद्धा नाही — तिथे नुसता उभा राहायचो आणि परत यायचो. शाळा माझी चौथीपर्यंत. लिहायचं म्हणजे हात दुखतो. पण बोलायला गेलो की मी दुसरंच बोलतो, नारळाचं बोलतो, विहिरीचं बोलतो. कागदावर तरी पळता येणार नाही असं वाटलं. बघू.

आमच्या गावात कुणालाही विचारा, याची बायको कशाने गेली? सांगतील, मांदेली खाऊन. कोळणीने शिळी मांदेली घातली, त्याने गेली. कोळणीचं नाव हिराबाय. डोक्यावर पाटी घेऊन बंदरावरून चालत यायची, उन्हं वर यायच्या आत आमच्या आळीत. नंतर तिची पाटी आमच्या आळीत कुणी उतरवून घेतली नाही. ती हाक मारायची, बायका आत जायच्या. काही दिवस आली, मग आळी सोडून पलीकडच्या रस्त्याने जायला लागली. लांब पडायचं तिला. पावसात चिखल. मी ओटीवरून तिला जाताना बघायचो. बघायचो म्हणजे काय — मान फिरवायचो.

तिची मांदेली ताजी होती. हे पहिलं लिहून टाकतो.

आमची वाडी नागावच्या पलीकडे, समुद्राच्या अंगाला. नारळ, सुपारी, थोडे फणस, मधल्या जागेत भाजी. स्वातंत्र्य आलं त्याच्या थोडं आधी लग्न झालं, आणि ती गेली तेव्हा मुलगी सासरी जाऊन वर्ष झालं होतं. एवढा संसार. पार्वती तिचं नाव. मी नावाने हाक मारली नाही कधी. "अगो" म्हणायचो. आता नाव घेतो, तर ऐकायला कोण आहे?

पावसात आमच्याकडे लाँच बंद. होड्या वर ओढून ठेवलेल्या. बाजारात काही येत नाही. म्हणून उन्हाळ्यात घरोघर बायका पावसाची बेगमी करतात. गवार वाळवायची, कैऱ्या मिठात घालायच्या, कच्च्या फणसाचे गरे मिठाच्या पाण्यात बरणीत भरायचे. पावसात ते गरे काढायचे, धुवायचे, भाजी करायची. चांगलं असतं ते. त्यात वाईट काही नाही. वाईट मी होतो.

माझा घरात एक नियम. आधी जुनं संपव. अन्न टाकायचं नाही, मग ते कसंही असो. बरणीत गेल्या सालचं असेल तर या सालचं तोडायचं नाही. लढाईच्या वर्षांत तांदूळ मिळेना, तेव्हा आईने केळीचा गाभा शिजवून घातला होता आम्हाला. ही सबब नाही. माझ्या भावानेही तोच गाभा खाल्ला. त्याच्या घरी वासावर अन्न टाकतात आणि त्याचं कुणी मेलं नाही.

आणि त्या नियमाने काय व्हायचं बघा. जुनं संपेपर्यंत नवं जुनं व्हायचं. दुधी वेलावर जून होऊन जायचा, भेंडी काठीसारखी, माठाची पानं पिवळी. मग तेच जुनं म्हणून ताटात. वर्षभर ताजी भाजी पिकवायची आणि वर्षभर मेलेली खायची. जे माणसाला खाववत नसे ते म्हशीपुढे. पार्वती म्हणायची, "आपल्या घरात म्हस तेवढी सुखी. ताजा शेजारी खातान, बरा म्हस खाते, आपुन नियम खाताव." आळीतल्या बायका हसायच्या. मला राग यायचा. मी म्हणायचो, बोल जास्त, टाक जास्त, मग बघू तुझं घर किती टिकतं ते.

मला वाटायचं, मी काही वाया घालवत नाही. एवढा गर्व होता मला त्याचा.

आता बरणीवर येतो. यायलाच हवं.

गेल्या सालच्या गऱ्यांची बरणी थंडीत मी बघितली तेव्हा खार आटला होता. वरचे गरे उघडे पडलेले. मी विहिरीचं पाणी ओतलं, वरपर्यंत. नुसतं पाणी. ती म्हणाली, मीठ घाला. मीठ ओटीवर पोत्यात होतं, चार पावलांवर. मी म्हणालो, बुडले ना गरे? मग झालं. आळसच तो, दुसरं काय नाव देऊ? खारातली वस्तू मिठाने टिकते, पाण्याने नाही, हे आमच्याकडे पोरंसुद्धा जाणतात.

तर तो दिवस. ताजी कुयरी ओटीवर, देठातून अजून चीक गळतोय. पार्वती तेलाचा हात करून विळी घेऊन बसली होती. मी म्हणालो, बरणी आहे ना अजून? तिने विळी बाजूला ठेवली. बरणीचं फडकं सोडलं. ते फडकं वर फुगलेलं होतं — मी पण बघितलं. आत साय धरली होती, पांढरी. तिने वास घेतला आणि म्हणाली, "याचा खार मेलाय वाटता."

मी काय म्हणालो? म्हणालो, धू आणि मिरची जास्त घाल.

धुतले तिने. दोनदा धुतले, तीनदा, मला दाखवून. नुसत्या फोडणीवर परतले, कारण शिजवले तर लगदा झाला असता. सकाळीच हिराबायकडून मांदेली घेतली होती, ती तळली. मांदेली मला आवडायची. तिला विशेष नाही. माझ्यासाठी घेतली होती.

मी जेवायला बसलो. ताटात भात, मांदेली, गरे. मांदेली मी खाल्ली. सगळी. काट्यासकट कुरकुरीत होती, चांगली होती. मग गऱ्याचा तुकडा तोंडात घातला.

तो जिभेला लागला, आणि मला कळलं.

किती वर्षं मी स्वतःला सांगितलं की कळलं नव्हतं. शंका आली होती, एवढंच. खोटं आहे. कळलं होतं. जीभ कळवते, तिला शाळा लागत नाही. मी तो तुकडा हातात काढला आणि ताटाच्या कडेखाली दाबला, तिला दिसू नये म्हणून. थुंकलो असतो तर? म्हणालो असतो, टाक गो हे, कुयरी चीर? तर ती म्हणाली असती, मी सांगितलं होतं. एवढंच म्हणाली असती. दोन दिवस आळीत हसली असती. ते मला नको होतं. बायको वरचढ व्हायला नको होती. त्या एका वाक्याला मी भ्यालो.

मी उठलो. पोट भरलं म्हणालो.

आमच्याकडे नवऱ्याच्या ताटात बायको जेवते. तशी ती बसली. मांदेली उरली नव्हती. गरे तेवढे उरले होते, माझ्या वाटचे आणि तिच्या वाटचे. तिने माझ्याकडे बघून विचारलं, "बरं हायत ना?"

मी दारात पाठमोरा उभा होतो. म्हणालो, "बरं हायत. टाकू नको."

तिने टाकले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती म्हणाली, मला एकाची दोन दिसतात. अंगणात दोन तुळशी आहेत म्हणाली. मला वाटलं, मस्करी करते. दुपारपर्यंत जीभ जड झाली. बोलायची, पण शब्द फुटेना. पाणी दिलं तर गिळवेना, नाकातून यायला लागलं. पापण्या खाली पडायच्या. ताप नाही, काही नाही. शेजारणी म्हणाल्या, लागीर आहे, अंगारा लावा.

मी वैद्याला आणायला निघालो. पण आधी काय केलं? बरणी उचलली, मागच्या दाराने नेली आणि खतखड्ड्यात ओतली. वर पाला टाकला. बरणी विहिरीवर घासली, राख लावून. ती आत पडलेली असताना मी बरणी घासत होतो. मग वैद्याकडे गेलो.

वैद्य शेजारच्या गावचा, म्हातारा, चांगला माणूस. नाडी बघितली, डोळे बघितले. विचारलं, काय खाल्लं होतं? पार्वतीने तोंड उघडलं. घशातून नुसता आवाज आला. तिला सांगता येत नव्हतं. सांगणारा मी एकटा होतो त्या घरात.

मी म्हणालो, मांदेली.

"आणखी काय?"

"आणखी काय न्हाय."

पापणी तिची उघडत नव्हती. तिने हात उचलला — कसा उचलला देव जाणे — आणि बोटाने स्वतःची पापणी वर धरली आणि माझ्याकडे बघितलं. तिला ऐकू येत होतं. सगळं कळत होतं. किती वेळ बघितलं ते मला सांगता येणार नाही. मग हात खाली पडला.

वैद्याने मासा बाधल्याचं औषध दिलं. खरं सांगितलं असतं तर? त्याने अलिबागला डॉक्टरकडे न्या म्हटलं असतं? बैलगाडीत ती टिकली असती? मला माहीत नाही. तुम्हाला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही, कारण मी सांगितलं नाही.

दिवेलागणीला ती गेली.

मुलगी पोचली तेव्हा सगळं उरकलं होतं. तिलाही मी तेच सांगितलं. आज ती स्वतः आजी झाली, पण मांदेली घरात आणत नाही. मला जेवायला वाढते तेव्हा म्हणते, बाबा, शिळं नको, ताजं केलंय. मी जेवतो. ताजं जेवतो इतकी वर्षं.

हिराबायला मी का ओढलं? तिच्याशी वैर नव्हतं. उलट चांगली बाई. वजनाला दोन जास्त टाकणारी. वैद्याने विचारलं तेव्हा जी गोष्ट पहिली तोंडात आली ती सांगितली, असं म्हणू शकतो मी. पण ते त्या दिवसाचं झालं. दुसऱ्या सकाळचं काय? तेव्हा मला विचार करायला सबंध रात्र मिळाली होती.

सकाळी अंगणात माणसं जमली. पुरुष बांबू बांधत होते. बायकांनी पार्वतीला न्हाऊ घातलं, हिरवं लुगडं नेसवलं, चुडा भरला. नवऱ्याआधी गेली म्हणून सगळ्या तिच्या कपाळाला कुंकू लावत होत्या. कशाने गेली ते सगळ्यांच्या कानावर गेलं होतं, कारण मीच घातलं होतं.

हिराबायच्या कानावर गेलं नव्हतं. ती बंदरावरून तशीच धावत आली, पाटी न घेता. हातात खण-नारळ आणि हळदकुंकवाची पुडी. "बाय गो, माजे बाय गो," करत आत शिरली. बायका बाजूला सरकल्या. तिला कळेना. ती वाकून कुंकू लावायला गेली, आणि मी पुढे झालो, तिचा हात धरला.

सगळ्यांदेखत म्हणालो, "हात लावू नको. तुझ्या मांदेलीने मेली ती."

रडणं थांबलं तिचं. भांडली नाही. शिवी दिली नाही, आणि कोळणीची जीभ काय असते ते आम्हाला ठाऊक आहे. नुसतं विचारलं, हळू, जसं घरच्या माणसाला विचारावं तसं —

"दादा, मांदेली तर बायनं तुमच्यासाटी घेतली. तुमी न्हाय खाल्लीव?"

बांबू बांधणाऱ्यांचे हात थांबले. सगळी माझ्याकडे बघत होती. तेव्हासुद्धा सांगता आलं असतं.

मी म्हणालो, "न्हाय. मी तोंडातसुदीक घातली न्हाय."

आणि तिरडी पुरती बांधून व्हायच्या आतच विस्तवाचं मडकं उचललं आणि पुढे चालायला लागलो.