भाव बघणारे मामा

माझ्या बायकोच्या मामांइतकं कमी बोलून इतक्या लोकांचं डोकं फिरवलेला दुसरा सज्जन मीरा-भाईंदरात झाला नसेल. तारुण्यात ते फोर्टातल्या एका दलालाकडे होते. शेअरबाजाराच्या रिंगणात उभं राहून सौदे ओरडायचं काम. ओरडून ओरडून घसा असा बसला की पुढे जन्मभर कुजबुजतच बोलले. आता बाजारात मुरलेला माणूस कुजबुजायला लागला की ऐकणाऱ्याचं काय होणार? त्यात नव्वदीच्या सुरुवातीची तेजी, दूधवालासुद्धा शेअर बाळगून होता. एकदा भाईंदर पूर्वेला भाजीवाल्यापुढे मामा मामींना म्हणाले, "बटाटा राहू दे, आज सुरण घे." मागे उभ्या असलेल्या गृहस्थांनी तेवढं ऐकलं, आणि दुपारपर्यंत अर्धी पूनम सागर वसाहत सुरण नावाची कंपनी शोधत होती. संध्याकाळी एकजण घरी येऊन हळूच विचारता झाला, "सुरण किती दिवस ठेवायचं?" मामा म्हणाले, "फार नको, खाज सुटते." लोकांनी त्याचाही अर्थ लावला.

मी त्यांच्याकडे गेलो तो मात्र गरजेपोटी. तेजी कधीच ओसरली होती, आणि त्या वर्षी आमची अंधेरीची कंपनी बंद पडली. मेव्हण्याने तिकडे गुजरातेत वापीला स्टोअरकीपरची जागा बघून ठेवली. म्हणजे मी तिकडे, बायको आणि लहानगी मुलगी इकडे. मला जायचं नव्हतं. मुलगी नुकती कुठे माझ्या अंगाखांद्यावर खेळायला लागली होती. बायको शाळेत शिकवायची, तिने तोडगा काढला, "दिवाळीपर्यंत मामांकडे शिका. जमलं तर ठीक, नाहीतर गुपचूप वापी." मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि कुजबुजले, "जावईबापू, चहा घ्या, मग बघू." भाचीचा नवरा म्हणून ते मला कायम अहो-जाहो करायचे. पुढे बोलणी खाल्ली तीही आदरार्थी बहुवचनात. "आपण गाढव आहात" हे इतक्या अदबीने मला दुसऱ्या कुणी सांगितलेलं नाही.

त्यांची विद्या सांगायला अगदी सोपी. भाव काय करतोय तेवढं बघायचं, बाकी सगळं ऐकीव. रोज सकाळी ते वर्तमानपत्रातलं भावांचं पान कापून घेत आणि शाळेच्या दुकानातून आणलेल्या आलेखाच्या कागदावर पेन्सिलीने उभ्या रेघा काढत. दिवसाचा भाव कुठवर चढला, कुठवर उतरला, कुठे टेकला. नेमकी त्या पानाच्या मागे पाककृती छापलेली असायची, त्यामुळे मामींच्या सगळ्या पाककृती "मंद आचेवर" इथपर्यंत येऊन थांबल्या. मला रेघा दाखवताना मामा कंपनीच्या नावावर अंगठा ठेवत. "नाव कळलं की प्रेम जडतं, जावईबापू. प्रेम घरी करा." भाव एकाच जागी घुटमळत राहिला की म्हणत, "आज हा भाव खातोय. आपण देऊ नका." मी इंजिनियरिंगचा डिप्लोमावाला, मला नियम हवे होते. किती रेघा चढल्यावर घ्यायचं, किती उतरल्यावर विकायचं, असं विचारलं तर उत्तर देण्याऐवजी ते मला मीरा रोड स्टेशनबाहेर शेअर रिक्षाच्या लाइनीसमोर उभं करत. लाइन लांब आहे हे कुणालाही दिसतं. त्यातले किती वैतागून पायी निघाले ते बघा म्हणत. "विकणारे कंटाळले की भाव वळतो. कधी कंटाळतात याचा नियम नसतो, नजर बसावी लागते." एकदा माझी नजर इतकी बसली की आमची रिक्षा निघून गेली आणि आम्ही दोघं घरी चालत आलो.

पावसाळा सरला, गणपती गेले, नवरात्र आलं, तरी मामा सौदा करू देईनात. रोज मी रेघा काढायच्या, काय दिसतं ते सांगायचं, आणि त्यांनी "हात अजून शिवशिवतोय आपला" म्हणून विषय मिटवायचा. मेव्हण्याचे वापीहून फोन सुरू झाले. बायकोने माझे स्वेटर उन्हात घातले, वापीला काही एवढी थंडी नसते, पण मला ते बघवेना. शेवटी दिवाळीच्या तोंडावर एका सकाळी माझे कागद बघून मामा म्हणाले, "चला, आज घ्या. पण आधी चूक सांगा." सौदा करण्याआधी, कुठल्या भावाला आपण चुकलो असं मान्य करू ते तोंडाने बोलायचं, हा त्यांचा एकुलता एक नियम. मी आकडा बोललो. स्टेशनजवळ एका दलाल शेठच्या गाळ्यात तेव्हा सौद्यांचे नवे कॉम्प्युटर आले होते. तिथे बसून मी आयुष्यातला पहिला सौदा केला. तासाभरात भाव घसरत घसरत माझ्या आकड्यापाशी येऊन टेकला.

शेठ म्हणाला, "अरे भाई, रखो ना, वापस आयेगा." बाजूची मंडळीही तेच म्हणायला लागली. मी मामांकडे बघितलं, तर ते खिडकीबाहेर बघत शेंगदाणे सोलत होते, जसं काही माझी त्यांची ओळखच नाही. मला मुलगी दिसत होती, वापी दिसत होती. वाटलं, थोडं थांबावं, कुणाला कळतंय. मग माझं मलाच वाटलं की आकडा आपण बोललोय, आणि मी शेठला म्हटलं, "काट दो." तोट्यात विकून सौदा कापला. त्यानंतर भाव उलटा फिरला आणि वर वर जाऊन बसला. गाळ्यात हशा पिकला. मी मान खाली घालून बाहेर पडलो.

मामांनी मला सरळ मिठाईच्या दुकानात नेलं आणि पेढे घेतले. आमच्या बिल्डिंगमध्ये दारोदार वाटले. शेजारच्या वहिनींनी विचारलं, "दुसरं की काय?" मामा कुजबुजले, "नाही, जावयांना तोटा झाला." वहिनींनी पेढा तसाच हातात धरून ठेवला. घरात शिरल्यावर मात्र माझ्याने राहवेना. मी म्हटलं, "मामा, थट्टा पुरे. दिवाळी आली, मला जमलेलं नाही. मी चुकलो." तेव्हा त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "अरे, चुकलास ना. मीही रोज चुकतो. पण तू वेळेवर चुकलास. मला ते शिकायला दहा वर्षं आणि मामींच्या बांगड्या लागल्या." बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मामांनी मला आयुष्यात पहिल्यांदा अरे म्हटलेलं तिनेही ऐकलं. ती आत गेली आणि वापीला फोन करून भावाला म्हणाली, "हे येत नाहीत."

मी आजही हाच धंदा करतो. फार मोठा झालो नाही, पण घर चाललं, मुलगी डोळ्यांसमोर वाढली. मामा जाऊन बरीच वर्षं झाली. नफ्याच्या दिवशी मला त्यांची आठवण येत नाही, खोटं कशाला सांगू. तोटा कापतो त्या दिवशी येते, आणि मग घरी जाताना मी पेढे घेतो. बायको पुडा बघते, काही विचारत नाही, एक पेढा देवापुढे ठेवून चहा टाकते. आता गाळ्यातली मुलं मला सर म्हणतात, सोसायटीत सगळे अहो-जाहो करतात. मामांसारखं अरे म्हणणारं कुणी उरलं नाही.