घागरीवरचं नाव

एकोणिसाव्या शतकातल्या आमच्या गावच्या साप्ताहिकाचे काही अंक इथल्या वाचनालयात आहेत. अग्रलेखांचा मला कंटाळा येतो, मी जाहिराती वाचतो. नव्या छत्र्या आल्या आहेत. गुऱ्हाळाची कढई विकणे आहे. पटकीची साथ असल्याने नदीचे पाणी कोणी पिऊ नये. त्याच्याच खाली एका तांबटाची जाहीर खबर आहे: ‘बाजारच्या दिवशी कल्हईस टाकलेली घागर दुकानी पडून आहे. तीवर बाईमाणसाचे नाव घातले आहे. ते नाव सांगेल त्याने न्यावी.’

पुढच्या अंकात तीच खबर, त्याच्या पुढच्यातही. मग ती थांबते.

“नाव छापलं असतं तर कोणीतरी ओळखलं असतं,” मी ग्रंथपाल बाईंना म्हणालो.

“छापलं असतं तर कोणीही येऊन घागर उचलली असती,” त्या म्हणाल्या. “ते नाव म्हणजेच पावती.”

खरं आहे. घागर जिची तिलाच मिळावी एवढंच तांबटाला हवं होतं. ती मिळाली की नाही, कळायला मार्ग नाही. साथीत किती माणसं गेली तो आकडा अंकात आहे, नावं नाहीत. एक नाव तांबटाजवळ होतं, ते त्याने जपून ठेवलं.