भोक पाडाचं नाई

चाफले काकाजींनी मला खोलीची किल्ली दिली तेव्हा पाण्याची वेळ सांगितली नाही, फाटक किती वाजता लागतं ते सांगितलं नाही, वर मटण शिजवलेलं चालतं की नाही तेही सांगितलं नाही. किल्ली माझ्या तळहातावर ठेवली, पण आपली बोटं काही सोडली नाहीत. माझ्या डोळ्यांत रोखून पाहत म्हणाले, "सर, खोली तुमची, भिती माह्या. भोक पाडाचं नाई."

मी तेव्हा सावंगीत नवा होतो, एका कॉलेजात शिकवायला लागलो होतो आणि एकटा होतो. तीन वर्षं मी त्या घरात वरच्या खोलीत राहिलो आणि भिंतीला एक खिळा मारला नाही. आरसा स्टुलावर टेकवून उकिडवं बसून दाढी केली. कॅलेंडर खिडकीच्या गजाला सुतळीने बांधलं होतं. पंखा लावला की महिना बदलायचा. पुढे याच तीन शब्दांनी काकाजींच्या जिवावर बेतायची वेळ आणली, पण सुरुवातीला मला त्यांचं फक्त हसू यायचं.

हे वेड भिंतींमुळे लागलेलं नव्हतं. ते लागलं होतं अंगणातल्या टिनाच्या शेडमुळे. शेडमध्ये पांढऱ्या चादरीखाली एक अमेरिकन गाडी होती. काळी कुळकुळीत, दोन दारांची, लांबलचक नाकाची, स्टेअरिंग डावीकडे, गिअर आपोआप बदलणारा. कुणी परदेशी साहेब देश सोडताना विकून गेला होता, आणि ती हातोहाती फिरत नागपूरला पोचली होती. निवृत्तीनंतर लोक काशीला जातात. विजेच्या खात्यातून निवृत्त झालेले आमचे काकाजी नागपूरला गेले आणि ही घेऊन आले.

गाडीला टर्बो होता. टर्बो म्हणजे इंजिनाच्या धुरावर फिरणारा पंखा. तो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो आणि गाडी सुसाट सुटते. काकूंना त्यांनी हे एका वाक्यात समजावलं होतं, "चुलीत फुकनी मारतं ना तू, तसं हाय थे." काकूंनी विचारलं, "मंग धूर डोयात जाते का?" त्यावर काकाजी दोन दिवस रुसले होते.

गाडीत सुधारणा करायला त्यांची ना नव्हती. उलट हौसच होती. अट एकच, केलेलं सगळं परत काढता आलं पाहिजे. आमच्याकडच्या मे महिन्यात अमेरिकन रेडिएटर धापा टाकायला लागला, तेव्हा त्यांनी जादा पंखा बसवला, पण कंपनीनेच ठेवलेल्या भोकांत, रबरी वायसर घालून. हवेचा दाब दाखवणारं घड्याळ लावलं, ते पट्ट्याने बांधून. स्पीडब्रेकरला पोट घासतं म्हणून गाडी दोन बोटं वर उचलली, आणि मूळच्या स्प्रिंगा पुसून, तेल लावून माळ्यावर ठेवल्या. अल्लीपूरच्या शेतातून तुरीचं पोतं आणायला टपावर कॅरियर लावलं, तेसुद्धा खाली लोकरीचा जाड नमदा घालून. अमेरिकेतल्या माणसाने त्या गाडीच्या डोक्यावर तुरीचं पोतं पाहिलं असतं तर त्याला घेरी आली असती. काकाजी म्हणायचे, "पाच मिनिटात काहाडतो. खाली पाह्यजा, फॅक्टरीतून आली तशीची तशी."

काढलेला प्रत्येक भाग कपड्यात गुंडाळून, चिठ्ठी लावून माळ्यावर जायचा. घरात जुना कपडा शिल्लक राहिला नाही. एकदा काकू भाचीच्या साखरपुड्यासाठी माहेरचा शालू शोधत होत्या. सगळी कपाटं पालथी घातली. शेवटी शालू सापडला. तो मूळच्या सायलेन्सरने नेसला होता.

"अवो, माह्या मायनं देल्ला होता थो!"

"म्हणून तं त्याले बांधला," काकाजी म्हणाले. "ओरिजनल सायलेन्सर हाय वं. त्याले काय पोतेऱ्यात ठेवू?"

दसऱ्याला गाडीची पूजा व्हायची, पण कुंकवाचं स्वस्तिक थेट रंगावर नाही. आधी बॉनेटवर पारदर्शक कागद चिकटवायचा, त्यावर स्वस्तिक, आणि आरती संपायच्या आत कागद सोलायचा. झेंडूच्या हारालाही परवानगी होती, पण तार काढून. भटजी एकदा चिडून म्हणाले, "काकाजी, देव तरी राहू द्या ना जागेवर." काकाजी म्हणाले, "देव राहीन महाराज, डाग जाईन."

त्यांच्या सूचना मला आजही पाठ आहेत, आणि माझ्याकडे फक्त स्कूटर आहे. थंड्या इंजिनाले दामटाचं नाई. तेल कायं पडाच्या आधी बदलाचं. नळ्या सोडाच्या आधी फोटो काढाचा, मंग डोक्स खाजवाचं काम पडत नाई. उंदरानं वायर कुरतडली तं उंदरावर रागवाचं नाई, आपून शेडात सरकीची ढेप ठेवली काऊन ते पाहाचं. आणि सगळ्यात मोठी सूचना म्हणजे, गाडी पळवून आणली की लगेच बंद करायची नाही. टर्बो लाल झालेला असतो. दोन मिनिटं इंजिन तसंच चालू ठेवून त्याला गार होऊ द्यायचं.

या दोन मिनिटांनी त्यांच्या नातेवाइकांचा फार छळ केला. समुद्रपूरला काकूंच्या त्याच भाचीचं लग्न होतं. मी मागच्या सीटवर गुडघे हनुवटीला लावून बसलो होतो. आम्ही पोचलो तेव्हा मांडवातून मंगलाष्टकं ऐकू येत होती. यजमान गुलाबपाणी घेऊन धावत आले, आणि आम्ही तिघं काचा लावून आत. काकाजींनी बोटं दाखवली, दोन. यजमानांना वाटलं दोन माणसं आली, तिसरा कोण? आम्ही उतरलो तेव्हा लोक पंगतीकडे निघाले होते. काकूंच्या मुठीतल्या अक्षता तशाच राहिल्या. त्या त्यांनी काकाजींच्या डोक्यावर टाकल्या, जरा जोरातच.

काकूंची आणखी एक गंमत व्हायची. स्टेअरिंग डावीकडे असल्यामुळे उजवीकडे, जिथे आपल्याकडे ड्रायव्हर असतो, तिथे काकू बसायच्या. मांडीवर शेंगदाण्याची पुडी, नजर खिडकीबाहेर, दोन्ही हात मोकळे, आणि गाडी शिट्टी वाजवत सुसाट. अल्लीपुरात त्यांची कीर्ती पसरली होती. चौकात पोरंसोरं उभी राहून बघायची. पेट्रोल पंपावरचा माणूस नेहमी त्यांनाच विचारायचा, "काकू, किती टाकू?" काकू शांतपणे म्हणायच्या, "फुल कर."

एकदा मी काकाजींना विचारलं, की हे सगळं कशासाठी? गाडी तुमची आहे, पाडा की एखादं भोक. ते चक्क दुखावले. "सर, गाडी माही नाई. मी फक्त सांभाळून राह्यलो. माह्यानंतर कोनी घेईन, त्याले जशीच्या तशी भेटली पाह्यजे. आपल्या हाती आलं, थे आपून खराब कराचं नाई. एवढंच." हे ऐकून मला त्यांच्याबद्दल खरोखर आदर वाटला. तो पुढच्या हिवाळ्यापर्यंत टिकला.

हिवाळ्यात काकाजींच्या पोटात दुखायला लागलं. पित्ताच्या पिशवीत खडे निघाले. सर्जन होत्या डॉक्टर नगराळे मॅडम, वयाने लहान, स्वभावाने फार शांत. त्यांनी कागदावर पोट काढून दाखवलं. "काका, साधं ऑपरेशन आहे. मोठी चीर नाही. चार छोटी भोकं पाडायची, दुर्बीण घालायची, पिशवी काढून टाकायची."

काकाजींनी कानावरचा मफलर उचलला. "चार?"

"अगदी लहान."

"मॅडम, मी डॅशबोर्डले एक नाई पाडू देल्लं."

"काका, गाडीचा पत्रा भरून येत नाही. माणसाची कातडी भरून येते."

"अन् पिशवी? थे परत बसवता येते का?"

मॅडम खरं बोलणाऱ्या होत्या. म्हणाल्या, नाही. काकाजी उठले, नमस्कार केला आणि घरी आले. "जशी देल्ली तशी वापस कराची," एवढंच म्हणाले. मी हसलो. काकू हसल्या नाहीत. त्यांनी त्या दिवसापासून तळण बंद केलं, तेल कमी केलं, आणि रात्री उठून उठून त्यांचा श्वास पाहायला लागल्या. काकाजींनी भोक न पाडता करण्यासारखे सगळे उपाय केले. कुळथाचं पाणी, नारळाचं पाणी, लिंबू, एका वैदूचा काढा. खडे जागचे हलले नाहीत. मॅडमनी काकूंना बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं होतं, की खडा नळीत अडकला तर जिवावर बेतेल.

आणि अशा माणसाला त्याच्या धाकट्या भावाने अल्लीपूरच्या शेतात रोडग्यांना बोलावलं, बरोबर काकूंना आणि मलाही. गोवऱ्यांवर भाजलेले कणकेचे रोडगे, वांग्याची भाजी, आणि वरून तूप. काकू ताटावर हात आडवा धरून बसल्या होत्या. त्या पाणी आणायला विहिरीकडे गेल्या तेवढ्यात काकाजींनी तीन रोडगे तुपात बुडवून संपवले. तासाभरात ते झाडाखाली गुरासारखे ओरडायला लागले. अंग घामाने भिजलं, आणि डोळ्यांत पिवळेपणा मलासुद्धा दिसला.

अॅम्ब्युलन्सला फोन केला, यायला वेळ लागणार होता. समोर ती काळी गाडी उभी होती आणि ती चालवणारा जमिनीवर लोळत होता. मला स्कूटरपलीकडे काही येत नाही. धाकटा भाऊ रोज ट्रॅक्टर चालवतो, पण तो दोन पावलं मागे सरकला. "मी नाई हात लावत बाप्पा. वरखडा आला तं दादा बरा होऊन मले मारीन."

काकूंनी पदर खोचला. "सरा बाजूले. चाबी आणा."

"तुले येते वहिनी?"

"बापाच्या घरी टॅक्टर चालवत होती मी. याले तं किलचबी नाई. यात काय चालवाचं हाय?"

काकाजींना उजव्या सीटवर कोंबलं, मी मागे. आणि काकूंनी गाडी सोडली. गेल्या तीन वर्षांत मी टर्बोची शिट्टी पुष्कळदा ऐकली होती. पण ती इतका वेळ, न थांबता वाजते हे मला माहीत नव्हतं. बैलगाड्या, एसटी, कापसाने भरलेले मेटॅडोर भराभर मागे पडत होते. काकाजी डॅशबोर्डवर डोकं टेकून विव्हळत होते आणि मधूनच म्हणत होते, "खड्डा... डावीकडं... हळू वं..."

वाटेत एका नाक्यावर हवालदाराने शिट्टी मारली. त्याच्या नजरेने ड्रायव्हर तोंड खाली घालून पडला होता आणि गाडी तरी येतच होती. तो धावत उजव्या खिडकीशी गेला. "ओ काका! पिऊन चालवून राह्यले का?"

डावीकडून काकू म्हणाल्या, "मी चालवून राह्यली."

"अन् हे?"

"हे मरून राह्यले. रस्ता दे."

त्या बिचाऱ्याला लायसन्स विचारायचं सुचलंच नाही. त्याने पुढचा ट्रक अडवला आणि आम्हाला सलाम केला.

दवाखान्याच्या दारात वॉर्डबॉय स्ट्रेचर घेऊन धावले. काकाजींनी दाराची मूठ गच्च धरली. "दोन मिनिटं," ते कण्हत म्हणाले. "टर्बो..." काकूंनी किल्ली फिरवून गाडी धाडकन बंद केली. काकाजींनी अशी किंकाळी फोडली की आतून दोन नर्स बाहेर आल्या. ती पोटाची नव्हती, हे फक्त आम्हा दोघांना कळलं.

आत मॅडमनी तपासलं. खडा नळीत उतरलाच होता. आधी दुर्बिणीने तो काढायचा आणि मग पिशवी. आता थांबून चालणार नाही, असं त्या म्हणाल्या. काकाजी सलाईन लावलेल्या हाताने नाही नाही करत होते. "फॅक्टरीतून आली तशीच... वापस..."

काकू पलंगाजवळ गेल्या.

"कोनाले वापस कराची हाय?" त्या म्हणाल्या. "अन् एवढी घाई कायची हाय? मले तुमी ओरिजनल नाई पाह्यजे. मले चालू पाह्यजे." आणि भर वॉर्डात तोंडाला पदर लावून रडायला लागल्या.

काकाजींनी सहीसाठी हात पुढे केला. "पिशवी मले देजा मात्र," ते मॅडमना म्हणाले. "चिठ्ठी लावून."

पिशवी तपासणीला जाते, ती मिळाली नाही. खडे मात्र एका छोट्या बाटलीत घालून काकूंच्या हातात दिले. सगळं नीट पार पडलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी भेटायला गेलो. गाडीची काय खबर आहे ते आधी सांगायचं, अशी मी मनात तयारी करूनच गेलो होतो. टर्बो ठीक होता. पण काकाजींनी गाडीचं नावच काढलं नाही. ते काकूंकडे टक लावून पाहत होते. काकू मोसंबी सोलत होत्या.

"तुले टॅक्टर चालवता येते," काकाजी म्हणाले, "हे मले सांगितलं काऊन नाई?"

"लग्नात तुमच्या मायनं इचारलं, सयपाक येते का. मी म्हटलं, येते. मंग कोनी काही इचारलंच नाई."

काकाजी थोडे वर सरकून बसले. टाके ओढले तसं तोंड वाकडं झालं, पण नजर हलली नाही. "आनखीन काय काय येते तुले?"

काकूंनी जरा विचार केला. हात पदराला पुसले, स्टूल पलंगाजवळ ओढलं आणि सांगायला लागल्या. काकाजी मध्ये एकदाही बोलले नाहीत. भेटीची वेळ संपली म्हणून शिपाई मला घालवायला आला, तेव्हा काकू विहिरीत पोहण्यापर्यंत पोचल्या होत्या आणि अजून बरंच बाकी होतं.