आईच्या पानाखालचं ‘पुन्हा नक्की या!’

ओहोटीच्या दुपारी खाडीच्या चिखलाचा वास आमच्या सीवूड्सच्या चौथ्या मजल्यापर्यंत चढून येतो. सोसायटीतली बरीच मंडळी तेव्हा खिडक्या लावून घेतात. मी मात्र उघडते, कारण तो वास माझ्या माहेरचा, पलीकडच्या करावे गावचा आहे, आणि माझी आई आयुष्यभर तोच वास पदराला घेऊन घरी येत असे. मार्गशीर्षातल्या अशाच एका दुपारी, टेबलावर पिवळसर ऊन सांडलेलं असताना, मी माझ्या ब्लॉगचं रूप बदलायला बसले होते.

ब्लॉग जुना. निळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं, कडेला चिंबोरीचं चित्र, आणि मध्ये खाडी, मासे, गावची माणसं यांच्याविषयी सुचेल तसं लिहिलेलं. मोबाइलवर अक्षरं मुंगीएवढी दिसतात ही तक्रार माझ्या मावशीची, आईच्या धाकट्या बहिणीची. ती अजून करावे गावातच राहते. तिला नीट वाचता यावं म्हणून तर मी नवी थीम, म्हणजे ब्लॉगचा तयार साचा, घेतली. देखणी होती ती, नाकारणार नाही. स्वच्छ पांढरं पान, टपोरी अक्षरं, बोटाच्या इशाऱ्यासरशी सरकणारी चित्रं, आणि प्रत्येक पानाच्या तळाशी चक्क मराठीत आपोआप उमटणारी ओळ: ‘पुन्हा नक्की या!’ ती ओळ तेव्हा मला फार गोड वाटली. मी खुशीत चहा ठेवायला उठले.

संध्याकाळी मावशीचा फोन आला. एरवी ती आधी जेवण, मग गुडघे, मग शेजारीण असं करत करत मुद्द्यावर येते. त्या दिवशी तिने कशाचीच चौकशी केली नाही.

“बाय, तुजे आयशीचे पानावं ‘पुन्हा नक्की या’ लिवलंय. मरनाचे घरान असा कोन बोलतं का?”

आईचं पान म्हणजे आई गेली त्या दिवसावर मी लिहिलेला लेख. दुःखाच्या घरातून निघताना आपल्याकडे कुणी ‘येते’ म्हणत नाही, आणि घरचंही कुणी ‘या’ म्हणत नाही. पुन्हा येणं बोलून दाखवायचं म्हणजे असाच प्रसंग पुन्हा मागायचा. आई गेली तेव्हा गावातल्या बायका आल्या, भिंतीला टेकून बसल्या, कुणी माझा हात हातात धरून ठेवला, आणि मग एकेक करून न सांगता उठल्या. चटईवर रिकामी जागा दिसे तेव्हाच कुणीतरी गेल्याचं कळे. त्या न सांगता उठण्यात केवढी माया असते, हेच मी लिहिलं होतं. लेखाखाली अभिप्रायाची चौकट मी मुद्दामच ठेवली नव्हती. कुणी यावं, बसावं, उठावं, इतकंच. मावशी अधूनमधून दुपारची ते पान उघडून बसते, हे मला ठाऊक होतं.

धावत जाऊन पान उघडलं, तर तिथे आणखीही वाढून ठेवलेलं होतं. टाळ्या वाजवणारे दोन हात. ‘तुम्हाला हेही आवडेल’ म्हणत माझाच चिंबोरीच्या रश्श्यावरचा लेख. आणि पान बंद करू गेलं की मध्येच उगवणारी चौकट: ‘थांबा, इतक्यात निघालात?’ माझ्या अंगाचा तिळपापड झाला. कोण हा? माझ्या आईच्या दारात उभा राहून, डोळे पुसत निघालेल्या माणसाची बाही ओढणारा, सगळ्या घरांना दुकान समजणारा हा निर्लज्ज कोण?

थीमवाल्यांना लिहिलं. उत्तर तत्परतेने आलं. ही सोय वाचक टिकवून ठेवण्यासाठी आहे, ती एका पानापुरती काढता येत नाही, सगळ्या पानांना नियम एकच. आणि शेवटी, पुन्हा अवश्य संपर्क साधा. सगळ्या पानांना नियम एकच कसा? लग्नघराचा आणि मरणाच्या घराचा उंबरा सारखाच असेल, पण तो ओलांडताना माणूस आपला आवाज बदलतो, पावलं बदलतो, आणि हे त्याला कुठल्या शाळेत शिकवावं लागत नाही. ऐरोलीच्या ऑफिसात शेजारी बसणारी मैत्रीण म्हणाली, की ऑटोमॅटिक आहे गं ते, टेन्शन नको घेऊस, कोण वाचतं एवढं? या वाक्यानं तर मी अधिकच पेटले. माणूस चुकला तर निदान ओशाळतो. आपोआप होणाऱ्या गोष्टीला ओशाळायला कोण लावणार? आणि वाचणारी एक होतीच की.

शेवटी मी ते पान थीमच्या बाहेर काढलं. नुसता मजकूर, मोठ्या अक्षरांत. वर काही नाही, खाली काही नाही. पण मग ते ब्लॉगच्या यादीतूनही गेलं, शोधून सापडेनासं झालं. ज्याच्याकडे पत्ता आहे तोच आता तिथे पोचेल. आईला मीच आतल्या खोलीत नेऊन बसवल्यासारखं वाटलं आणि पुन्हा चीड आली. मग मनात आलं, दुःखाच्या घरी बोलावणं कुठे असतं? कळतं ते येतात. घरात निदान तेरावा होतो, गोडाचं जेवण होतं, आणि मग पुन्हा ‘या’ म्हणायला तोंड उघडतं. पानावर तेरावा कधी घालायचा, हे मात्र मला अजून उमगलेलं नाही.

मावशीला पानाचा नवा पत्ता पाठवला. दुसऱ्या दिवशी, पुन्हा ओहोटीच्याच वेळी, तिचा फोन आला.

“आता बरा हाय,” ती म्हणाली. “अक्षरा पन दिसतान.”

पुढे ती काही बोलली नाही. तिच्या अंगणात कुणीतरी वाळत घातलेल्या जवळ्यावरून कावळे हाकलत होतं, ते मला ऐकू येत होतं. माझ्या खिडकीतून चिखलाचा वास आत येत होता. एरवी फोन ठेवताना ‘ठेवतंय गो बाय, ये एकदा’ असं ती दोनतीनदा म्हणते आणि तरीही ठेवत नाही. त्या दुपारी बऱ्याच वेळाने मी फोन कानापासून दूर केला, तर तो केव्हाच बंद झालेला होता.